म्हाताऱ्या कुत्र्याचं जेवण: पाया तोच ठेवा, वरचं बदला

कुत्रा म्हातारा कधी झाला, हे त्याच्या आकारावर ठरतं. पॉमेरेनियन, डॅशहुंडसारखी छोटी कुत्री दहाव्या-अकराव्या वर्षी उतरणीला लागतात. गावठी आणि मध्यम आकाराची कुत्री आठव्या-नवव्या वर्षी, लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड सातव्याच्या आसपास, आणि ग्रेट डेन तर सहाव्यालाच. या वयात नाक मंदावतं, दात-हिरड्या दुखतात, मांड्या आणि पाठीवरचे स्नायू झडतात आणि हिंडणं-फिरणं कमी झाल्याने कॅलरी कमी लागतात. म्हणजे जेवण थोडं कमी करायचं, पण त्यातलं प्रोटीन कमी होऊ द्यायचं नाही, आणि मंद झालेल्या नाकाला ते हवंहवंसं वाटेल असंही करायचं. यासाठी रोज नवा पदार्थ शोधावा लागत नाही. रोजचं मुख्य अन्न पक्कं ठेवायचं आणि त्याच्या वर थोडंसं, मोजून, काहीतरी वेगळं घालायचं, एवढं पुरतं.

खात नाही म्हणजे कंटाळला, असं आधी धरू नका

आठ वर्षं तेच दाणे (पाकिटातलं कोरडं तयार अन्न) आवडीने खाणारा कुत्रा एकाएकी तोंड फिरवू लागला, तर त्याला चव बदलून हवी आहे असं वाटणं साहजिक आहे. पण म्हातारपणी अचानक कमी झालेल्या भुकेमागे बहुतेक वेळा दुखणं असतं. चवीच्या मागे लागलं की ते आठवडेच्या आठवडे झाकलं जातं. म्हणून दोन-तीन जेवणं शेजारी बसून नीट बघा.

भांड्याकडे धावत येतो, एक घास तोंडात घेतो आणि खाली टाकतो, किंवा एकाच बाजूने चावतो, तोंडाला वास येतो: दात किंवा हिरड्या. वास घेतो, ओठ चाटतो, लाळ गळते आणि मागे सरकतो: मळमळ. याची मुळं मूत्रपिंडात, यकृतात किंवा स्वादुपिंडात असू शकतात. हातातून खातो पण भांड्यातून नाही: मान किंवा खांदे दुखत असतील, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पुढचे पाय घसरत असतील. भांड्याजवळ येऊन नुसता उभा राहतो, काय करायचं हेच विसरल्यासारखा: मेंदूचं वार्धक्य. उलट भूक खूप वाढली, पोट सुटलं, पाणी जास्त पिऊ लागला, तर मधुमेह किंवा कुशिंगसारखा हार्मोनचा आजार असू शकतो.

पाणी मोजणं सोपं आहे. सकाळी भांड्यात मोजून घाला, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. साधारण किलोमागे 50 ते 60 मिली ठीक. किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल, तर आहाराचा विचार नंतर, आधी रक्त आणि लघवीची तपासणी. या वयात ती तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावीच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. परळच्या आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही कुत्र्यांवर उपचार होतात.

मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, हृदयविकार किंवा पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) ठरलेला असेल, तर पुढचं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय करू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला फॉस्फरस मोजून लागतो, हृदयाच्या रुग्णाला मीठ, आणि इन्शुलिनवरच्या कुत्र्याला रोज त्याच वेळी तेवढंच अन्न.

किती घालायचं

फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशोब होतो. वजन किलोत घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि 70 ने गुणा. 18 किलोच्या गावठी कुत्र्यासाठी: 18 × 18 × 18 = 5832, वर्गमूळ 76.4, त्याचं वर्गमूळ 8.74, गुणिले 70 म्हणजे सुमारे 612. नुसतं पडून राहायला लागणाऱ्या या कॅलरी. घरात फिरणाऱ्या, दोन वेळा सावकाश बाहेर जाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला याच्या सव्वा ते दीडपट लागतात. 1.3 ने गुणून सुरुवात करा, म्हणजे जवळपास 800. याच हिशोबाने 5 किलोच्या कुत्र्याला 300, 10 किलोच्याला 510 आणि 30 किलोच्या लॅब्राडॉरला 1160 च्या आसपास. कुत्रा जाड असेल तर आजचं वजन न धरता जे असायला हवं ते धरा.

या 800 पैकी जास्तीत जास्त दहावा हिस्सा, म्हणजे 80 कॅलरी, वरच्या खाण्यासाठी. बाकीच्या 720 संपूर्ण आहार असलेल्या, म्हणजे लागणारी सगळी पोषकद्रव्यं असलेल्या अन्नातून. पाकिटावर 100 ग्रॅमला 360 कॅलरी लिहिल्या असतील तर दिवसाला 200 ग्रॅम दाणे. हे वजनकाट्यावर मोजा, कपाने नको. तोच कप एक जण सपाट भरतो आणि दुसरा शिगोशीग, आणि वर्षभरात तेवढ्यानेच कुत्रा फुगतो.

दहाव्या हिश्शाचीच मर्यादा का? दाण्यांत जीवनसत्त्वं आणि खनिजं ठरावीक प्रमाणात बसवलेली असतात. वरचं खाणं पाव-निम्मं झालं की ते प्रमाण मोडतं, आणि ते लगेच दिसत नाही.

80 कॅलरी म्हणजे किती, हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवा. एक उकडलेलं अंडं, किंवा 50 ग्रॅम उकडलेलं बिनकातडीचं चिकन, किंवा छोटी वाटी दही, किंवा 90 ग्रॅम उकडलेलं रताळं, किंवा 25 ग्रॅम पनीर. मारी बिस्किटं तीन-साडेतीन. तूप लावलेली एक पोळी घातली की दिवसाचा सगळा हिस्सा संपून वर उधारी झाली. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या ताटातला ‘एकच तुकडा’ दिला तर काय होतं, ते यावरून लक्षात येईल. सकाळीच एका डब्यात दिवसभराचं वरचं खाणं काढून ठेवावं आणि ज्याला लाड करायचे त्याने त्यातूनच करावेत.

आधी आहे तेच चवदार करा

नवीन काही घालण्याआधी हे चार दिवस करून बघा, कारण बऱ्याच कुत्र्यांचं एवढ्यावरच भागतं. 100 ग्रॅम दाण्यांवर अर्धी ते पाऊण वाटी कोमट पाणी घाला, झाकून 10 ते 15 मिनिटं ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने काही जीवनसत्त्वं जातात आणि अन्न बाहेरून गार वाटलं तरी आत भाजेल एवढं गरम राहतं. दाणा बोटांत दाबल्यावर सहज चिरडला पाहिजे, पण सगळ्याचा लगदा व्हायला नको. दात फारच दुखत असतील तर अर्धा तास ठेवून काट्याने कुस्करा. देताना अन्न अंगाइतकं कोमट असावं, 37-38 अंशांच्या आसपास. वास वाफेवर येतो आणि मंद नाकाला तोच वास जेवणाकडे ओढतो. फ्रीजमधलं काही घालायचं असेल तर तेही कोमट करून घाला. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर नीट ढवळा, मधेच एखादा घास चटका देणारा निघतो.

भिजवलेलं अन्न उन्हाळ्यात तासाभरात आंबायला लागतं. 20-25 मिनिटांत खाल्लं नाही तर उचला आणि टाका. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारचं जेवण नकोच. पहाटे आणि सूर्य मावळल्यावर द्या. पावसाळ्यात वेगळी काळजी: दाण्यांना ओल लागली की बुरशी धरते आणि तिचं विष यकृतावर जातं. दिवसाला 200 ग्रॅम लागत असतील तर 3 किलोची पिशवी पंधरा दिवस पुरते. स्वस्त पडते म्हणून 15-20 किलोची गोणी आणू नका. दाणे मूळ पिशवीतच ठेवून पिशवी घट्ट डब्यात ठेवा.

वर काय घालायचं

*अंडं.* सगळ्यात सोपं आणि स्नायूंसाठी उत्तम. उकडून, कुस्करून. 18 किलोच्या कुत्र्याला त्या दिवशी एक अंडं आणि दुसरं काही नाही. 5-6 किलोच्या कुत्र्याला पाव ते अर्धं.

*चिकन.* कातडी काढून, बिनमिठाचं, साध्या पाण्यात उकडलेलं. तंतू बोटांनी बारीक सोडवून दाण्यांत मिसळा. तुकडे वर ठेवलेत तर कुत्रा तेवढेच वेचून खाईल.

*मासे.* तारली किंवा बांगडा, आठवड्यातून एक-दोनदा. यांतलं ओमेगा-3 दुखऱ्या सांध्यांना उपयोगी पडतं. मीठ-मसाला न लावता वाफवा, मधला काटा काढा आणि मांस बोटांत चिवडून उरलेले काटे काढा. कच्चा मासा देऊ नका. सुकट आणि सुके बोंबील नकोत. भिजवून धुतले तरी मीठ राहतं आणि म्हाताऱ्या हृदयाला ते बाधतं. माशाच्या तेलाच्या गोळ्या द्यायच्या असतील तर फिश ऑइल आणि कॉड लिव्हर ऑइल यांत गल्लत करू नका. दुसऱ्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात आणि रोज दिली तर साचून अपाय करतात.

*लाल भोपळा.* साल-बिया काढून उकडलेला, एक-दोन मोठे चमचे. म्हाताऱ्या कुत्र्यांना बद्धकोष्ठ फार होतं. शी कडक आणि बारीक गोळ्यांसारखी होत असेल तर हा पहिला उपाय. चमचे वाढवत गेलात तर शी सैल होते आणि पोट भरून कुत्रा मुख्य अन्न सोडतो.

दुधी, गाजर आणि फरसबी उकडून कुस्करा. जाड कुत्र्यासाठी या सोयीच्या, कारण पोट भरतं पण कॅलरी नगण्य. कोबी, हरभरे, राजमा यांनी पोट फुगतं.

*दही.* ताजं, बिनसाखरेचं, एक-दोन चमचे. दूध मात्र बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही आणि जुलाब होतात. गोचीड तापासाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर गोळी पनीरमध्ये लपवून देऊ नका. दुधाच्या पदार्थांतलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी नीट लागत नाही. चिकनच्या गोळ्यात द्या.

*काळीज (कलेजी).* आठवड्यातून एकदा, 18 किलोच्या कुत्र्याला 30-40 ग्रॅम, उकडलेलं. वास इतका तेज असतो की चमचाभर रस घातला तरी रुसलेला कुत्रा जेवतो. पण अ जीवनसत्त्वामुळे रोज द्यायची ही गोष्ट नाही.

फळांत पपई, सफरचंदाच्या बिया काढलेल्या फोडी, हंगामात हापूसच्या दोन-तीन फोडी. कोय हाती लागू देऊ नका, गिळली तर आतड्यात अडकते.

नवीन पदार्थ एका वेळी एकच. पहिल्या दिवशी एक छोटा चमचा, दुसऱ्या दिवशी तेवढाच, शी नेहमीसारखी असेल तर तिसऱ्या दिवशी दुप्पट, आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण प्रमाण. सोमवारी अंडं, मंगळवारी मासे, बुधवारी पनीर असं सगळं पहिल्याच आठवड्यात सुरू केलंत आणि गुरुवारी जुलाब झाले, तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही. महिनाभरात चार-पाच पदार्थ पचलेले असले की मग फिरवत राहा. मुख्य दाण्यांचाच ब्रँड किंवा प्रकार बदलायचा असेल तर 10 ते 14 दिवस घ्या: तीन-चार दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण.

कोंबडीच्या पायांचं सूप

रुसलेल्या कुत्र्याला जेवायला लावणारं याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही.

1. अर्धा किलो कोंबडीचे पाय घ्या. नखं तोडा, स्वच्छ धुवा.
2. कुकरमध्ये दीड लिटर पाण्यात घाला. मीठ, हळद, आलं-लसूण, कांदा काही नाही.
3. पाच-सहा शिट्ट्या होऊ द्या, मग मंद आचेवर अर्धा तास.
4. बारीक गाळणीने गाळा. हाडं सगळी कचऱ्यात, तीही कुत्र्याला उकरता येणार नाही अशी बांधून. शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतड्याला टोचतं.
5. सूप रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरट थर येतो, तो चमच्याने पूर्ण काढा. खाली थरथरणारी जेली उरते.
6. जेली बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा.

एका जेवणाला दोन-तीन तुकडे, कोमट करून, भिजवण्याच्या पाण्याऐवजी. चरबीचा थर काढायचा आळस करू नका. तेलकट खाण्याने स्वादुपिंड सुजतं, आणि जाड, म्हाताऱ्या कुत्र्यांत हा धोका जास्त असतो. बाजारचे सूपचे क्यूब आणि पाकिटं वापरू नका. त्यांत मीठ तर असतंच, बहुतेकांत कांद्या-लसणाची पूडही असते.

मुख्य अन्नच घरचं असेल तर

दूध-पोळी, दहीभात किंवा पातळ चिकन-भातावर जगणारी कुत्री आपल्याकडे भरपूर आहेत. तरुणपणी निभावतं, म्हातारपणी ते मागच्या मांड्यांवर दिसतं: हाडं वर येतात, जिना चढवत नाही. चूक तीन ठिकाणी असते. भात जास्त, प्रोटीन कमी आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. म्हातारपणी प्रोटीन कमी करावं हा समज जुना आहे. मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते पुरेसंच द्यायला हवं.

18 किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या 800 कॅलरी साधारण अशा बसतात: 250 ग्रॅम बोनलेस चिकन कच्चं मोजून, 250 ग्रॅम शिजलेला भात, एक अंडं, 100 ग्रॅम उकडलेल्या भाज्या, दीड छोटा चमचा तेल. यात अर्धा छोटा चमचा अंड्याच्या टरफलांची पूड. टरफलं धुवा, दहा मिनिटं उकळा, तव्यावर मंद आचेवर कोरडी करा आणि मिक्सरमध्ये पिठासारखी दळा. कण हाताला टोचता कामा नये. अर्ध्या चमच्यातून सुमारे 1 ग्रॅम कॅल्शियम मिळतं, दिवसाला साधारण तेवढंच लागतं. संपूर्ण आहाराचे दाणे खाणाऱ्या कुत्र्याला ही पूड देऊ नका, त्यांत कॅल्शियम आधीच असतं.

एवढं करूनही जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं कमीच पडतात. म्हणून महिनोन्महिने घरचंच घालायचं असेल तर ही यादी डॉक्टरांना दाखवून त्यावर पूरक पावडर ठरवून घ्या. घरात मांसाहार शिजत नसेल तर अंडी, पनीर आणि दही यांच्यावर प्रोटीन बसवता येतं. अंडंही चालत नसेल, तर नुसत्या वरण-भातावर ठेवण्यापेक्षा संपूर्ण आहाराचे शाकाहारी दाणे आणून वर दही-पनीर घालणं कुत्र्याच्या हिताचं आहे.

हे अजिबात नको

कांदा आणि लसूण, कच्चे, शिजलेले, पूड, कशाही रूपात: रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या रश्श्यात दोन्ही विरघळलेले असतात, त्यामुळे ‘तुकडे काढून नुसता रस्सा’ चालत नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे: मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. प्रसादाच्या शिऱ्यातले, खिरीतले बेदाणेही यातच आले. चिंचेनेही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, तेव्हा आमटी-सांबार नको. चॉकलेट नको. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली शुगरफ्री च्युइंगगम, मिठाई आणि काही पीनट बटर तर जिवावर बेततात. यांतलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. किती खाल्लं आणि कधी, एवढं सांगता आलं पाहिजे.

भांडं, जागा, वेळ

दिवसाचं अन्न दोनऐवजी तीन वेळा विभागा. भांड्याखाली आणि पुढच्या पायांखाली रबरी पायपुसणं घाला. फरशीवर घसरण्याच्या भीतीने अर्धपोटी उठणारी कुत्री कितीतरी असतात. मान किंवा कोपर दुखत असेल तर भांडं छातीच्या थोडं खाली येईल एवढं उंच करा. पण ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत उंच भांड्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याशी जोडला गेला आहे, त्यांच्यासाठी आधी विचारा.

वैविध्य खाण्याच्या पद्धतीतही आणता येतं आणि त्याला एकही जादा कॅलरी लागत नाही. भिजवलेलं अन्न इडलीपात्राच्या खळग्यांत पसरून द्या. चाटून संपवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि म्हाताऱ्या मेंदूला काम मिळतं. कोरडे दाणे खाऊ शकणाऱ्याला जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. दिसत नसेल किंवा विसरभोळेपणा सुरू झाला असेल, तर मात्र भांडं, जागा, वेळ सगळं तेच ठेवा.

कुठे बिघडतं

वरचं वेचून खातो आणि दाणे ठेवतो: पदार्थ वाटून, रसासारखा करून प्रत्येक दाण्याला लावा. त्यासाठी उपाशी ठेवून जिंकायचा खेळ म्हाताऱ्या कुत्र्याशी खेळू नका. जुलाब झाले: नवा पदार्थ थांबवा, दोन दिवस थोडा मऊ भात आणि चिकन तीन-चार वेळा विभागून द्या, मग हळूहळू नेहमीचं. शीत रक्त दिसलं, उलट्या होत असतील किंवा मलूल पडला असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

वजन दर पंधरा दिवसांनी घ्या. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. महिन्यात वीसावा हिस्सा, म्हणजे 18 किलोत साधारण 900 ग्रॅम, न ठरवता कमी झाले तर दाखवा. नुसता आकडा पुरत नाही, हातही फिरवा. बरगड्या हलक्या हाताने जाणवाव्यात पण दिसू नयेत. वजन तेच आणि पाठीचा कणा, डोक्यावरचं हाड मात्र धारदार लागू लागलं, तर चरबी वाढून स्नायू गेले आहेत. अशा वेळी दाणे कमी करू नका, प्रोटीनबद्दल डॉक्टरांशी बोला.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा तीन दिवस निम्म्यापेक्षा कमी खातो आहे, तर सूप आणि काळजाचे प्रयोग थांबवा आणि जा. पाणीही नको म्हणत असेल तर चोवीस तासही थांबू नका. जाताना दाण्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, रोजचे ग्रॅम, गेल्या आठवड्यात वर काय काय घातलं त्याची यादी, चालू औषधांची नावं आणि पाण्याचा मोजलेला आकडा सोबत न्या.